दुपारी उतरणारं पाणी

आमच्या घरात कुठलाही डबा सहजासहजी उघडत नाही. बाबांनी उभी नोकरी खडकीला एका कारखान्यात काढली आणि तिथे त्यांचं काम एवढंच होतं, की भरलेल्या पेट्या नीट हवाबंद झाल्यात का ते तपासायचं. आत जराशी दमट हवा शिरली तरी माल खराब. निवृत्तीनंतर पेट्या संपल्या आणि बाबा आमच्या स्वयंपाकघराकडे वळले. आता पोह्यांच्या डब्याला आतून रबराची चकती असते, लोणच्याच्या बरणीला मेण असतं, आणि बिस्किटं खायची तर आधी स्क्रूड्रायव्हर शोधावा लागतो. आई म्हणते, "हा माणूस एक दिवस मलाही डब्यात घालून वरून पट्टी मारणार." बाबांना हे कौतुक वाटतं.

हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या उन्हाळ्यात जे झालं ते याशिवाय कळणार नाही. मला तर हे माहीत असूनही कित्येक दिवस काही कळलं नव्हतं.

आमची इमारत धायरीत, मुख्य रस्त्यापासून बरीच आत. पूर्वी इथे मळा होता. मळा विकला गेला, इमारती उभ्या राहिल्या, विहीर मात्र राहिली. ती आता पार्किंगच्या मागे आहे, वर लोखंडी जाळी टाकलेली. विहिरीपलीकडे तारेचं कुंपण आणि त्यापलीकडे, ज्यांचा तो मळा होता त्यांचं घर. तिथे एक बाई एकट्याच राहतात. साठीच्या आसपासच्या, नवरा गेलेला, मुलगी सासरी. जमिनीचा शेवटचा तुकडा त्यांनी विकला नाही. त्यात मेथी, पालक, कोथिंबीर करतात आणि संध्याकाळी आमच्या फाटकाशी पोतं अंथरून विकतात. सगळी सोसायटी त्यांना मावशी म्हणते. जमीन देताना ठरलं होतं, की विहिरीचं पाणी इमारतीला आणि एक नळ मावशींच्या कुंपणात, कायमचा. त्या नळाला वेगळी छोटी मोटार होती, नळ सोडला की आपोआप चालणारी. लेखी काही नव्हतं. तेव्हा लेखी करावं असं कुणाला वाटलंही नाही म्हणे.

आईचं आणि मावशींचं चांगलं गूळपीठ होतं. दुपारी भाजीच्या जुड्या बांधून झाल्या की मावशी आमच्याकडे चहाला यायच्या. दोघी मिळून सबंध इमारतीचा समाचार घ्यायच्या. बाबाही खुर्ची ओढून बसायचे, मध्येच "असं नसतं हो ताई" म्हणायचे, आणि दोघी त्यांच्याकडे दुर्लक्ष करायच्या. मावशी त्यांना साहेब म्हणायच्या. बाबा कधी साहेब नव्हते, पण त्यांनी ते दुरुस्त केलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात महापालिकेचं पाणी अगदी थोडका वेळ यायला लागलं. टँकर मागवले तर ते येतील तेव्हा खरे. विहीरही खाली चालली होती. मग सोसायटीची बैठक झाली आणि अध्यक्षांनी ठरवलं, की विहिरीत किती पाणी आहे हे आधी कळलं पाहिजे, नुसतं वाकून बघून "बरंय" म्हणण्यात अर्थ नाही. आमचे अध्यक्ष निवृत्त वकील आहेत. ते कुठलीही गोष्ट विचारत नाहीत, उलटतपासणी घेतात. त्यांनी एक यंत्र शोधून काढलं आणि त्यावर देखरेख ठेवायला बाबांची निवड झाली. एकमताने झाली, म्हणजे दुसऱ्या कुणाला ते काम नको होतं. बाबांनी मात्र त्या दिवशी घरी येऊन इस्त्रीचा शर्ट कपाटातून काढून ठेवला.

यंत्र म्हणजे अंगठ्याएवढी स्टीलची कांडी. ती काळ्या वायरला लटकवून विहिरीच्या तळाशी सोडायची. वायरचं दुसरं टोक पंपाच्या खोलीतल्या एका डबीत, आणि डबीतून आकडा थेट बाबांच्या फोनवर. मी शाळेत मराठी शिकवते. आलेख म्हटलं की मी पान उलटते. पण मे महिन्याची सुट्टी होती, घरीच होते, म्हणून विचारलं, की कांडी तळाशी पडून राहिली तर तिला वरचं पाणी कसं दिसतं?

"दिसत नाही," बाबा म्हणाले. "तिला भार कळतो. डोक्यावर जितकं पाणी, तितका भार. भारावरून खोली."

"पण तो भार पाण्याचाच आहे, हे तिला कसं कळतं?"

"विहिरीत दुसरं काय असणार?" बाबा म्हणाले, आणि मला ते पटलं. मला विज्ञानातलं काहीही पटतं, तीच अडचण आहे.

यंत्र बसवायला आलेला माणूस घाईत होता. कांडी सोडली, डबी भिंतीला ठोकली, झाकणाचे स्क्रू तुम्ही लावून घ्या म्हणाला आणि गेला. बाबांनी डबी उघडून बघितली. वायरच्या टोकातून, तारांच्या शेजारी, पेनातल्या रिफिलहून बारीक अशी एक नळी बाहेर आली होती. तिचं तोंड उघडं होतं. बाबांनी मला ते अशा चेहऱ्याने दाखवलं, की जणू मीच ते उघडं ठेवलं होतं. "बघ. अर्धवट काम. पंपाच्या खोलीतली सगळी ओल आत जाणार." मग त्यांनी घरून दोन रंगांची पुट्टी आणली, मळली, नळीचं तोंड बुजवलं, झाकणाच्या कडेने रबर बसवलं आणि वरून पट्टी गुंडाळली. मी टॉर्च धरला होता. काम इतकं सुबक झालं, की मीसुद्धा वा म्हटलं.

पहिले काही दिवस कौतुकाचे गेले. बाबा फोन उघडून येईल त्याला रेघ दाखवायचे. सकाळी पंप चालला की रेघ खाली, बंद झाला की हळूहळू वर, संध्याकाळी पुन्हा खाली. आई म्हणाली, "माझा रक्तदाब इतक्या वेळा बघितला असता तर..." बाबांनी रेघेवरून नजर काढली नाही.

गडबड अध्यक्षांनी पकडली. एका सकाळी ते वर आले, चहा नको म्हणाले आणि बाबांच्या फोनवर बोट ठेवून विचारलं, "ही रेघ दुपारी खाली का जाते?"

खरंच जात होती. सकाळचं पाणी चढवून पंप बंद व्हायचा, विहीर भरत यायची आणि दहाच्या सुमारास रेघ उलटी फिरायची. चार वाजेपर्यंत पाणी दोन बोटं उतरलेलं. नंतर परत वर. आदल्या दिवशी तसंच, त्याच्या आदल्या दिवशीही तसंच. दोन बोटं ऐकायला काही नाही, पण आमची विहीर ऐसपैस आहे. बाबांनी तिथेच हिशेब करून सांगितलं, की गच्चीवरची एक काळी टाकी भरेल इतकं पाणी ते होतं.

"आपला पंप तेव्हा बंद असतो?" अध्यक्षांनी विचारलं.

"बंद असतो."

"विहिरीवर दुसरं तोंड कुणाचं आहे?"

बाबांनी फोन उलटा करून ठेवला. दुसरं तोंड एकच होतं, मावशींच्या कुंपणातला नळ.

यानंतर जे झालं ते मला सगळ्यात विचित्र वाटतं. लोकांना आठवायला लागलं. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, मी भर दुपारी त्यांना पाइप धरून उभ्या बघितलंय. कुणी म्हणालं, आजकाल त्यांची भाजी फारच टवटवीत दिसते. कुणाला त्यांच्या घरामागे दुसऱ्याच मोटारीचा आवाज आला होता. आणि मलाही आठवलं. वाळत घातलेले कपडे काढायला मी दुपारी गॅलरीत गेले होते आणि मावशी मेथीच्या वाफ्यात पाणी सोडत होत्या, पायाशी पाण्याचा लखलखाट, असं स्पष्ट चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतं. ते मी आईला सांगितलंही. आई म्हणाली, "दुपारी त्या आपल्याकडे चहा पीत असतात." मी विचारात पडले. मग ते मी कधी बघितलं? सकाळी बघितलं असेल, आणि रेघ बघितल्यावर डोक्यात त्याची दुपार झाली असेल. की खरंच दुपारी बघितलं होतं? मला आजही नक्की सांगता येत नाही.

बाबांचं म्हणणं असं, की चहाला येताना बाई नळ चालू ठेवून येत असतील. आई म्हणाली, "मग विचारा ना त्यांना." बाबा म्हणाले, असं कसं विचारणार, त्यांना वाईट वाटेल. त्या दिवशी मावशी आल्या, चहा झाला, गप्पा झाल्या, आणि आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघून जरा जास्तच हसत होतो. त्या जाताना म्हणाल्या, "आज काय झालंय तुमाला? पाहुण्यावानी काय बसलाय?"

बैठकीत ठराव झाला. विहिरीवरचा बाहेरचा नळ उन्हाळा संपेपर्यंत बंद. ठरावाखाली देखरेख करणाऱ्याची सही हवी होती, बाबांनी ती केली. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा आई कणीक मळत होती. तिने हात थांबवले नाहीत.

"माझी आई घागर घेऊन विहिरीपासून लांब बसायची," ती म्हणाली. "कुणी वरच्या जातीचं येऊन ओतलं तर पाणी. दुपार व्हायची तरी बसलेली असायची. बौद्ध झालो तरी गावातली विहीर काय लगेच आमची झाली नाही. आणि आज तुम्ही एका बाईचा नळ बंद करायच्या कागदावर सही करून आलात. तीही तिच्याच विहिरीवरचा."

"तो वेगळा विषय आहे," बाबा म्हणाले.

"वेगळाच आहे. तेव्हा ते लोक होते, आता तुम्ही आहात."

माझ्या आईला आवाज चढवावा लागत नाही. बाबांचा चेहरा पडला. "आकडा समोर आहे, मी काय करू?" ते म्हणाले, पण ते तिला सांगत होते की स्वतःला, ते समजत नव्हतं. मला दोघांचंही खरं वाटत होतं आणि त्यामुळे चीड येत होती. एकाची बाजू घेता आली असती तर निदान जेवण तरी गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. बाबा त्याच्यासोबत विहिरीपाशी उभे होते. मावशी कुंपणाशी आल्या, प्लंबरच्या हातातला पाना बघितला, मग बाबांकडे बघितलं. बाबांनी सांगितलं, सोसायटीचा ठराव आहे, उन्हाळा संपेपर्यंत. मावशी "बरं" म्हणाल्या. एवढंच. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वरून बघताना वाटलं. दुपारी त्या चहाला आल्या नाहीत. आईने सवयीने त्यांचा कप काढला आणि परत ठेवला.

मावशींनी पुढच्या आळीतल्या नातेवाइकांकडून हंड्याने पाणी आणायला सुरुवात केली. हंड्याचं पाणी पिण्यापुरतं. वाफे सुकायला लागले. आधी कोथिंबीर गेली, मग पालक पिवळा पडला. संध्याकाळी फाटकाशी पोतं अंथरलं जाईना आणि आमच्या इमारतीतले लोक भाजी कुठून आणायची म्हणून कुरकुर करायला लागले.

आणि रेघ? रेघ दुपारी उतरतच होती.

नळ बंद, पंप बंद, जाळीला कुलूप, आणि पाणी रोजच्यासारखं दोन बोटं खाली. बाबांनी फोन बंद करून परत चालू केला. मग माझ्या फोनवर बघितलं, जणू माझ्या फोनमध्ये वेगळी विहीर असेल. अध्यक्षांच्या मते याचा अर्थ सरळ होता, बाईंचा दुसरा चोरटा पाइप आहे. मग समितीचे चार जण काठ्या घेऊन कुंपणाच्या कडेने पाइप शोधत फिरले. एकाला काटा लागला. पाइप मिळाला नाही. कुणीतरी दाखवून दिलं, की पहाटेही रेघ थोडी उतरते. "म्हणजे दोन पाळ्यांत काम चाललंय," अध्यक्ष म्हणाले. "बाई जादूगार आहेत का हो?" मावशी अंगणात बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांना सगळं ऐकू येत असणार. त्यांनी मान वर केली नाही.

बाबांनी जुना उपाय करून बघितला. दोरीला वजन बांधून विहिरीत सोडलं, ओली खूण मोजली, दुपारी परत मोजली. दोरी म्हणाली, पाणी तिथेच आहे. फोन म्हणाला, उतरलं. बाबा दोरीकडे बघत बसले. दोरी भिजली की ताणते, जाळीतून ती सरळ जात नाही, दोन बोटांचा फरक दोरीत कुठे कळणार, असं काय काय पुटपुटत होते. मी म्हटलं, "बाबा, आपल्या डोळ्यांना तर पाणी उतरल्यासारखं दिसत नाही." ते एकदम चिडले. "डोळ्यांवर भरवसा ठेवायचा असता तर यंत्र कशाला आणलं?" मला वाटलं होतं यंत्र आलं की निदान वाद तरी मिटतील. आता पाणी एकच होतं आणि त्याचे आकडे दोन होते.

त्या दिवसांत बाबा नीट जेवत नव्हते. मला त्यांची भीती वाटायला लागली होती, खरंच. पेपर उलटा धरला नव्हता एवढंच. एका सकाळी ते आंघोळीनंतर बाथरूममधून बादली घेऊनच बाहेर आले.

"विहीर मोठी आहे," ते म्हणाले. "तिच्यात काय चाललंय ते दिसत नाही. आपण लहान विहीर करू."

आम्ही तिघं पंपाच्या खोलीत गेलो. बाबांनी कांडी विहिरीतून वर ओढली, वायरचं भेंडोळं करून बाजूला ठेवलं आणि कांडी पाण्याने भरलेल्या बादलीच्या तळाशी सोडली. पाण्याच्या रेषेवर मी माझ्या नेलपॉलिशने लाल खूण केली. वाफ होऊन पाणी जाईल म्हणून वर ताट झाकलं. आणि मग आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून बादलीभोवती बसलो. आईने डबा आणला होता, तो उघडायला बाबांची मदत लागली. अध्यक्ष एकदा डोकावून गेले. "काय, पूजा आहे का?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले.

दुपार वर आली तशी फोनवरची रेघ खाली यायला लागली.

बाबांनी ताट उचललं. पाणी लाल खुणेला टेकलेलं होतं. ताट ठेवलं. रेघ आणखी उतरली. ताट उचललं. पाणी खुणेला टेकलेलंच. चार वाजता फोन सांगत होता, की बादलीतलं दोन बोटं पाणी गेलं. आम्ही तिघं बादलीभोवती बसलो होतो आणि बादली तशीच भरलेली होती. मला हसू यायला लागलं आणि ते आवरेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तरी मी हसत होते.

"आता बादलीवर पण समिती बसवा," आई म्हणाली.

बाबांनी यंत्राच्या कंपनीला फोन लावला. आवाज मोठा करून ठेवला होता, म्हणून आम्हालाही ऐकू येत होतं. पलीकडे एक तरुण मुलगी होती, इंजिनिअर. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, वायरच्या टोकाला एक बारीक नळी असते. तिचं तोंड उघडं आहे ना?"

बाबांनी भिंतीवरच्या डबीकडे बघितलं.

"काका? ती बंद झाली असेल तर असंच होतं. पाण्यावर हवाही बसलेली असते ना, तिचाही भार असतो. त्या नळीतून बाहेरची हवा कांडीपर्यंत जाते, म्हणजे हवेचा भार वजा होतो आणि उरतो तो फक्त पाण्याचा. नळी बंद केली की हवेचा भारही पाण्यात धरला जातो. आणि हवा रोज सकाळी जड होते, दुपारी हलकी. मग वाटतं, पाणीच उतरलं."

"पण उघडं कसं ठेवायचं?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ओल जाईल ना आत."

"ओल शोषून घेणारी पुडी डबीत ठेवलेली असते, काका. नळीला श्वास घ्यायला जागा पाहिजे."

बाबांनी फोन ठेवला आणि सुरी मागितली. पुट्टी दगडासारखी झाली होती. तिने दाद दिली नाही, शेवटी नळीचं टोकच कापावं लागलं. कापल्यावर फोनमधली रेघ एकदम वर उडाली आणि बादलीतल्या पाण्याइतकी होऊन थांबली. मी अजूनही हवा जड होते म्हणजे काय याच विचारात होते. इतकी वर्षं माझ्या डोक्यावर ती बसली आहे, सकाळी जास्त आणि दुपारी कमी, आणि मला कधी जाणवलं नाही. बाबा बादलीत बघत होते. मग म्हणाले, "एक थेंबसुद्धा कुणी घेतला नव्हता."

त्याच संध्याकाळी त्यांनी समितीला गोळा केलं आणि सगळं सांगितलं. नळी मी बुजवली, यंत्र चांगलं होतं, हेही सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे आपण पाण्यासाठी पैसे भरले आणि हवामान खातं उघडलं." लोक हसले. बाबा वाट बघत राहिले. हसणं संपल्यावर अध्यक्ष म्हणाले, नळाचं म्हणाल, तर तो बंद झालाच आहे. पाणी तर खरंच कमी आहे. राहू दे बंद, पुढच्या बैठकीत बघू. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी मान डोलावली. पाइप धरलेल्या मावशी ज्यांना भर दुपारी दिसल्या होत्या, त्या याच.

"नळ माझ्या आकड्यावर बंद झाला," बाबा म्हणाले. "तो आकडा खोटा निघाला. मी नळ उघडतोय."

"ठराव आहे, साहेब," अध्यक्ष म्हणाले.

"असू दे," बाबा म्हणाले आणि उठले. माझ्या बाबांना मी कुठल्याही बैठकीतून मध्येच उठताना बघितलं नव्हतं. घरून पाना घेऊन ते विहिरीपाशी गेले. मी मागोमाग गेले. समितीतले लोक पार्किंगपर्यंत आले आणि तिथेच उभे राहिले. पाइपावरची चावी फिरायला जड होती, बाबांना दम लागला, पण त्यांनी मला हात लावू दिला नाही. कुंपणातला नळ आधी खोकला, मग लालसर पाणी आलं, मग स्वच्छ.

मावशी आवाज ऐकून बाहेर आल्या. नळाखाली काही ठेवलेलं नव्हतं, पाणी सुकलेल्या वाफ्याकडे वाहायला लागलं. त्यांनी आधी नळ बंद केला.

"ताई," बाबा म्हणाले, "तुमच्याकडून पाणी जात नव्हतं. कुणाकडूनच जात नव्हतं. माझी चूक होती. ते यंत्र..."

"मी घेतलं न्हाय ते मला ठावं हाय की," मावशी म्हणाल्या. "ते सांगाया तुमी कशाला आला?"

बाबा कुंपणाची तार धरून उभे होते.

"रोज तुमच्या घरात चा पीत व्हते मी. यंत्राला इचारलं, वकिलाला इचारलं. मला एकदा इचारलं असतं तर काय झालं असतं?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..." बाबा म्हणाले. मला इतकी लाज वाटली, की मी विहिरीच्या जाळीकडे बघत राहिले.

मग मावशी म्हणाल्या, "आता एक करा. या नळाला मीटर बसवा."

"नको, ताई. काही गरज नाही."

"तुमाला नसंल. मला हाय. उद्या पुन्ना रेघ खाली गेली तर पुन्ना काठ्या घेऊन याल. बसवा."

बाबांनी पुष्कळ नाही म्हटलं. शेवटी त्यांनीच मीटर आणला आणि त्यांनीच बसवला. सोसायटीने पुढच्या बैठकीत नळाचा विषय काढलाच नाही, आणि मीटर आहे म्हटल्यावर अध्यक्षांनाही बरं वाटलं. मेथी पुन्हा आली, पोतं पुन्हा फाटकाशी अंथरलं गेलं. आई रोज त्यांच्याकडून एक जुडी घेते, दोघी बोलतात. चहाला मात्र त्या वर येत नाहीत. आईने दोनदा बोलावलं. "येईन की," म्हणाल्या.

संध्याकाळी वाफ्यांना पाणी घालून झालं की मावशी कुंपणाशी येऊन हाक मारतात, "साहेब, या. बघून घ्या." बाबा टीव्ही बंद करतात, चष्मा घेतात आणि खाली जातात. पहिल्या दिवशी त्यांनी नुसतं वाकून बघितलं आणि मान हलवली. मावशी म्हणाल्या, "मोठ्यानं वाचा. वरच्यांना ऐकू जाऊ द्या." तेव्हापासून ते मोठ्याने वाचतात. गॅलऱ्यांत कपडे काढायला आलेले लोक तेवढ्या वेळापुरते आत जातात. मावशी आकडा ऐकून "बरं" म्हणतात आणि घरात जातात. बाबा वर येतात, तेव्हा त्यांचा चेहरा मला वाचता येत नाही. पण हाक यायला जरा उशीर झाला, तर ते गॅलरीत जाऊन बघून येतात, हेही खरं.

ही मावशींनी त्यांना दिलेली शिक्षा आहे, की त्यांच्याशी बोलायला ठेवलेली तेवढी एक वाट आहे, यावर मी घरात फार बोलते. आई एकदा वैतागून म्हणाली, "इतकं डोकं खातेस, तर जाऊन त्यांनाच विचार."

मी अजून विचारलेलं नाही.